पैसा आपला, रस्ता कोणाचा? कंपनीची ट्रेझरी आणि ‘प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट’ तंत्रज्ञान

ऑक्टोबर २०२५ मध्ये कारखानदारांच्या अकाउंट्स विभागावर दोन बदल पाठोपाठ येऊन आदळले. ४ तारखेपासून चेक क्लिअरिंग दिवसभर सलग सुरू झालं. दिवसा ठरलेल्या वेळेत जमा झालेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो, आणि ज्या बँकेवर तो काढलेला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत होकार-नकार कळवला नाही तर तो मंजूर धरला जातो. दुसरा बदल महिनाअखेरचा. ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बँकांनी आपली वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर न्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

दोन्ही बदल ग्राहकाच्या भल्याचेच. पण ‘चेक आज देऊन टाकू, वटेपर्यंत लातूरच्या पार्टीचे पैसे येतील’ या हिशेबावर वर्षानुवर्षं चाललेल्यांची पंचाईत झाली, कारण ते मधले दोन दिवसच गायब झाले. आणि ज्या ऑफिसात ठरावीक वेबसाइटच उघडतील अशी सोय करून ठेवली होती, तिथे यादीतला जुना पत्ता बदलल्याशिवाय बँकेचं पान उघडणं शक्य नव्हतं. कोणाच्याही खात्यातला एक रुपया कमी झाला नव्हता, बदलला होता तो पैशाचा रस्ता.

मोठ्या कंपन्यांच्या जगात या रस्त्यांची काळजी वाहणारा एक स्वतंत्र विभाग असतो, ट्रेझरी. (तहसीलजवळचं, पेन्शनीचं कोषागार ते वेगळं.) त्यांना सॉफ्टवेअर विकणारे हल्ली ‘प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट’ आणि ‘फ्लेक्झिबल’ हे शब्द वाक्यागणिक वापरतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूरच्या एमआयडीसीतही हे विक्रेते आता फिरतात. ते नेमकं काय विकतात आणि आपण त्यातलं काय घ्यावं, ते पाहू.

ट्रेझरीत बसून करतात काय?

चार प्रश्नांची उत्तरं रोज द्यायची, एवढंच. आज आपल्याकडे पैसा किती आहे आणि कुठे आहे? पुढच्या काही आठवड्यांत किती येणार, किती जाणार? कमी पडला तर कोणाकडून, काय व्याजाने उचलायचा आणि उरला तर कुठे ठेवायचा? डॉलर किंवा व्याजदर हलला तर आपलं किती नुकसान होईल?

समजा, जालन्यात सळई बनवणारी एक मिल आहे. एका बँकेत तिचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खातं (मंजूर मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलायचं कर्ज), त्यातून २ कोटी ४० लाख उचललेले, व्याज समजा वर्षाला १० टक्के. बाकी तीन बँकांत चालू खाती: एकीत ६० लाख, दुसरीत २५, तिसरीत १५. मालकाला विचारलं तर तो सांगेल, ‘एक कोटी हाताशी आहेत.’ खरं आहे, पण चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि सीसीवर भरावं लागतं. तो एक कोटी सीसीत न वळवता नुसता पडून राहिला, तर रोजचे सुमारे २,७४० रुपये जातात. वीस दिवसांत पंचावन्न हजारांच्या आसपास. हा पैसा कोणी चोरत नाही. चार खात्यांचा आकडा सकाळी एका कागदावर येत नाही, म्हणून तो जातो.

त्यात भंगार आयात केलेलं असेल तर बिल डॉलरमध्ये, आणि विजेचं बिल वेळेत भरावंच लागतं. परदेशी चलनाला तर आपण घाबरायचं कारण नाही. मराठवाड्यातल्या जुन्या व्यापाऱ्यांनी निजामाचा हाली रुपया आणि ब्रिटिशांचा कळदार अशी दोन नाणी एकाच गल्ल्यात सांभाळली. सात हालीचे सहा कळदार हा भाव तोंडपाठ असायचा. तेव्हा निदान तो भाव ठरलेला होता, डॉलरचा मिनिटाला हलतो.

आणि प्लॅटफॉर्म म्हणजे?

ज्या पायावर एखादं काम उभं असतं तो पाया. कॉम्प्युटरवाले विंडोज किंवा अँड्रॉइडला प्लॅटफॉर्म म्हणतात, बँकवाले आपल्या नेट बँकिंग पोर्टलला, अकाउंटंट ज्यात हिशेब लिहितो त्या सॉफ्टवेअरला. तुमचं काम एकाच पायावर अडकून न राहता दुसऱ्यावर उचलून ठेवता आलं, की ते प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट.

हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला रेल्वेसारखं उदाहरण नाही. मुंबईहून मनमाडपर्यंत ब्रॉडगेज, आणि तिथून पुढे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे मीटरगेज. एका मार्गावर दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, दुसऱ्यावर एक मीटर. डबा तोच असला तरी पुढे जाऊ शकत नव्हता. मनमाडला उतरायचं, माल उतरवायचा, दुसऱ्या गाडीत भरायचा. वेळ जायचा, माल फुटायचा, हमाली वेगळी. निजामाच्या काळात टाकलेली ही लाइन १९९० च्या दशकात रुंद झाली, तीही गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. गाड्या आणि रूळ दोन्ही होते, पण मापं जुळत नव्हती, म्हणून हा प्रदेश एवढी वर्षं मागे राहिला, असं माझं मत आहे.

कंपनीच्या पैशांत असे मनमाड चार ठिकाणी असतात.

पहिलं यंत्रात. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा आणली, तिचं ब्रीदच होतं ‘एकदा लिहा, कुठेही चालवा.’ गंमत अशी, की हीच जावा वापरून केलेली डिजिटल सहीची कित्येक पोर्टलं पुढे फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालायची, तीही जावाच्या एका ठरावीक आवृत्तीसोबत. क्रोमने असले जोड-प्रोग्रॅम चालवणं २०१५ मध्ये बंद केलं आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररच निवृत्त केला. ‘हा कॉम्प्युटर अपडेट करू नका’ अशी चिठ्ठी चिकटवलेलं एखादं जुनं यंत्र ऑफिसच्या कोपऱ्यात दिसलं, तर समजा की त्यावर कोणाची तरी डिजिटल सही अडकलेली आहे.

दुसरं बँकेत: पार्ट्यांची खाती, मंजुरीची साखळी, दर महिन्याचे पगाराचे आदेश, सगळं एका बँकेच्या पोर्टलच्या पोटात. तिसरं कागदात, म्हणजे माहितीच्या नमुन्यात. चौथं माणसात. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो तो अकाउंटंट आषाढी वारीला गेला की सप्लायरचे पैसे पंढरपूरहून परतल्यावर. हसू येतं, पण कित्येक कंपन्यांत सगळ्यात पक्कं परावलंबन हेच असतं, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊन सुटत नाही.

एक्सेलमधला सोळावा अंक

तिसऱ्या प्रकाराकडे जरा जवळून पाहू, कारण रोजचा त्रास तिथे आहे.

सकाळी साडेदहा. अकाउंटंटने चार बँकांची स्टेटमेंट उतरवली आहेत. पहिलीची पीडीएफ. दुसरीची एक्सेल, पण वरच्या अकरा ओळींत बँकेचा पत्ता आणि सूचना. तिसरीत जमा आणि नावे असे दोन रकाने, चौथीत एकच रकाना आणि पुढे ‘सीआर’, ‘डीआर’. एका बँकेची तारीख ०३/०४, म्हणजे ३ एप्रिल, पण कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल तिला ४ मार्च समजतं. मग खाते क्रमांक. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून उघडला, तर सोळाव्या अंकाच्या जागी शून्य येतं आणि पडद्यावर दिसतं १.२३ई+१५ असलं काहीतरी. फाइल सेव्ह केली की मूळ अंक गेला तो गेलाच.

पुढे यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक. एनईएफटीचा १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२. कुठली पार्टी कुठल्या बिलाचे पैसे देऊन गेली हे यावरून जुळवायचं. पण एखादी बँक वर्णनाचा रकाना मध्येच कापते आणि यूटीआरची शेवटची अक्षरं उडतात. मग फोन. ‘साहेब, काल तुम्ही टाकलेले चार लाख कुठल्या बिलाचे?’ ‘बघून सांगतो.’ बारा वाजले. मालकाला ‘आज किती आहेत’ याचं उत्तर दुपारी मिळतं, आणि तोवर ते शिळं झालेलं असतं.

हे सगळं काम म्हणजे मनमाडची हमाली. माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा.

वाघिणी कोट्याच्या, पाणी मिरजेचं

लातूरकरांना एप्रिल २०१६ आठवत असेल. पाण्याची पहिली रेल्वे १२ तारखेला मिरजेहून लातुरात आली. दहा वाघिणी (म्हणजे टाकीचे डबे), जवळपास पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. हे जमलं कारण तोवर लातूरची लाइन ब्रॉडगेज झाली होती. बार्शी लाइट रेल्वेची ती जुनी अडीच फुटी नॅरोगेज असती, तर कोट्याच्या वाघिणी कुर्डुवाडीला थांबल्या असत्या. ती गाडी येण्याच्या कितीतरी आधी, दुष्काळाचा विचारही मनात नसताना, कोणीतरी माप एक केलं होतं.

पैशाच्या जगात असं एक माप करण्याचा प्रयत्न म्हणजे आयएसओ २००२२. पेमेंटच्या संदेशात कुठली माहिती कुठल्या कप्प्यात लिहायची, याचा हा जागतिक नमुना. भारतातली आरटीजीएस व्यवस्था ऑक्टोबर २०१३ पासून याच नमुन्यावर चालते. देशोदेशींच्या बँकांना जोडणारं स्विफ्ट, बेल्जियममधली १९७३ ची सहकारी संस्था, तिथे जुन्या आणि नव्या नमुन्यांचा एकत्र संसार मार्च २०२३ पासून होता, तो बँकांमधल्या पेमेंट आदेशांपुरता २२ नोव्हेंबर २०२५ ला संपला. जुन्या संदेशात ‘कशाचे पैसे’ हे लिहायला ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळायच्या. वीस बिलांचे क्रमांक त्यात कसे मावणार? नव्यात त्यासाठी वेगळे कप्पे आहेत.

आपल्या निर्यातदारांनी यातली एक गोष्ट आताच टिपून ठेवावी. नोव्हेंबर २०२६ नंतर सीमेपलीकडच्या पेमेंटमध्ये पत्ता नुसता सलग मजकूर म्हणून चालणार नाही. निदान गाव आणि देश वेगळ्या कप्प्यात हवेत. ‘गट नं. अमुक, मौजे तमुक, जुन्या जिनिंगच्या मागे, ता. वसमत’ हा आपल्याकडचा अस्सल पत्ता कॉम्प्युटरला कसा तोडून द्यायचा, हे हळद निर्यातदाराच्या माणसाने आधीच ठरवलेलं बरं.

एक खुलासा मात्र हवा, तो विक्रेते करत नाहीत. नमुना एक असला तरी बँका त्यात आपापली चव घालतात. एकीला एखादा कप्पा भरलेलाच हवा, दुसरीला रिकामाच. त्यामुळे ‘आयएसओ २००२२ आहे, आता सगळं आपोआप’ असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि दोन वेगळ्या बँकांत एकच फाइल चालवून दाखवायला सांगा.

बँकच बदलली तर?

आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही १९४१ च्या कायद्याने निजामाच्या राज्यात उभी राहिलेली बँक. मराठवाड्यातल्या कित्येक घराण्यांचं पहिलं खातं तिथलं. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली आणि ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारे शाखांचे आयएफएससी कोड पुढे बदलले. आयएफएससी म्हणजे शाखेची अकरा अक्षरी ओळख, पहिली चार अक्षरं बँकेची. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. १ मे २०२५ पासून तीत विदर्भ कोकण ग्रामीण बँकही आली. एप्रिल २०२० मध्ये आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात.

ज्या कंपनीची पार्ट्यांची यादी स्वतःकडे, स्वतःच्या नमुन्यात होती, तिला एक रकाना बदलावा लागला. ज्यांची यादी फक्त पोर्टलच्या पोटात होती त्यांना एकेक पार्टी पुन्हा नोंदवत बसावं लागलं.

विलीनीकरणाची निदान आगाऊ सूचना तरी असते. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला ५० हजारांच्या वर काढता येईना. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा त्याच बँकेमार्फत चालत. रातोरात फोनपे ठप्प झालं. पण साधारण एका दिवसात ते आयसीआयसीआय बँकेच्या आधाराने पुन्हा उभं राहिलं. यूपीआयचं माप सगळ्या बँकांना एकच आहे, म्हणून एवढ्या लवकर बाजू बदलता आली. तरी तो एक दिवस गेलाच, आणि तो दिवस दुसरी बँक आधीपासून जोडलेली नसल्याचा होता.

दुसरा दाखला ३१ जुलै २०२४ चा. लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं आणि जवळपास तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. इथला मुद्दा बारीक आहे: तुमची खाती दोन वेगळ्या बँकांत असली, तरी त्या दोन्हींच्या मागचं तंत्रज्ञान एकाच दुकानातलं असू शकतं. मग तो दुसरा रस्ता दुसरा राहत नाही.

‘आमचा धंदा तो केवढा! आम्हाला काय करायचंय?’

दोन खाती आणि महिन्याला चाळीस व्यवहार असतील, तर खरंच काही करायचं नाही. वही आणि एक्सेल पुरे. कोट्यवधींचं ट्रेझरी सॉफ्टवेअर तर मध्यम उद्योगालाही बहुतेक वेळा परवडत नाही आणि लागतही नाही. पण तीन बँका, दोनशे पार्ट्या आणि सीसी अशी घडी असेल, तर वर पाहिलेला रोजचा २,७४० चा हिशेब तुमचाही आहे.

‘सगळं एकाच बँकेत ठेवलं की प्रश्न मिटला’

निम्मा मिटतो. सकाळचा आकडा लगेच मिळतो, हा मोठा फायदा. शिवाय सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट घेणाऱ्याने चालू खातं कुठे उघडायचं, यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये मर्यादा घातल्या, पुढे त्या शिथिलही केल्या. तेव्हा मनाला येईल तितक्या बँका ठेवता येतीलच असं नाही. आधी आपल्या बँकेला विचारा.

पण एकच बँक म्हणजे व्याजाची घासाघीसही संपली. मर्यादा वाढवून द्यायला मॅनेजर टाळाटाळ करतो, तेव्हा शेजारच्या बँकेचं पत्र खिशात असलेल्या माणसाचा आवाज वेगळा लागतो. कामं एका बँकेतून करा, पण दुसरीचं दार किलकिलं ठेवा. माझा कल इकडे आहे.

‘बँकेने सॉफ्टवेअर फुकट दिलंय, वर पैसे कशाला?’

घ्या की, फुकट आहे म्हणून नाकारण्यात शहाणपण नाही. बँकेच्या स्वतःच्या सोयी खरोखर चांगल्या असतात. उदाहरणार्थ, प्रत्येक ग्राहकाला पैसे भरायला वेगळा आभासी खाते क्रमांक. त्याने पैसे टाकले की कोणाचे आले हे विचारायला नको, यूटीआरची शोधाशोधच संपते. सगळ्या बँकांना चालेल असंच करायचा हट्ट धरला, तर अशा खास सोयींवर पाणी सोडावं लागतं. स्वातंत्र्याची ही किंमत आहे आणि ती दर वेळी मोजावी असं नाही.

अट एकच. उद्या हे सोडायचं झालं, तर आपल्या पार्ट्यांची यादी, पाच वर्षांचे व्यवहार आणि मंजुरीच्या नोंदी कुठल्या नमुन्यात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळतील? हे सही करण्याआधी लेखी घ्या.

‘हे तर ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे इंडिपेंडंटच’

विक्रेत्याचं हे आवडतं वाक्य. ब्राउझरमध्ये चालतं याचा अर्थ एवढाच, की तुमचा कॉम्प्युटर कुठलाही चालेल. तुमचा डेटा मात्र त्याच्या सर्व्हरवर, त्याच्या नमुन्यात. खिडकी बदलायची मुभा मिळाली, पण घर त्याचंच राहिलं. सगळं एकाच पुरवठादारावर उभं असलं की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विमानं धड होती, वैमानिक हजर होते. हाताने पास लिहिण्याची सोय शिल्लक होती, म्हणून काही विमानं उडाली तरी.

‘जास्त रस्ते म्हणजे चोरांनाही जास्त वाटा’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. प्रत्येक नवी जोडणी म्हणजे नवं कुलूप, आणि कुलपं वाढली की किल्ल्याही वाढतात. म्हणून दुसरा मार्ग उघडताना तिथेही दोन माणसांची मंजुरी हवीच. एकाने आदेश भरायचा, दुसऱ्याने तपासून सोडायचा. ‘आणीबाणीपुरता’ म्हणून एकाच माणसाच्या हाती दिलेला मार्ग नेमका आणीबाणीत लुटला जातो.

पण कंपन्यांचे पैसे जातात त्याचं एक नेहमीचं कारण फार साधं असतं. ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे, पुढचं पेमेंट इथे करा’ असा सप्लायरच्या नावाने ईमेल येतो आणि कोणी फोन करून विचारत नाही. आरटीजीएस आणि एनईएफटीतही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ती वापरा. इथेही पार्ट्यांची एकच, स्वतःची, कुलूपबंद यादी असेल तर बदल एका जागी पकडला जातो. चार पोर्टलांत चार याद्या असतील, तर चोराला चौथी सापडते.

लवचिकता पैशात दिसते कुठे?

वाळूजचा एखादा कारखाना घ्या, दुचाकींचे भाग बनवणारा. स्वतः छोट्या वर्कशॉपकडून काम करून घेतो आणि माल मोठ्या कंपनीला देतो. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं तेव्हा अशा मधल्या कारखान्यांची धावपळ सगळ्यांनी पाहिली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करारानुसार, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येत नाही. आता यासाठी काय हवं? कुठला सप्लायर सूक्ष्म-लघु आहे, माल कधी स्वीकारला, पंचेचाळिसावा दिवस कधी, आणि त्या दिवशी कुठल्या खात्यात पैसे असतील. पहिल्या तीन गोष्टी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, चौथी बँकेत. दोघांचं माप जुळत नसेल, तर मार्चअखेर माणसं रात्र रात्र बसतात.

पैसा येण्याच्या बाजूने पाहिलं तर ट्रेड्स. लहान उद्योगाचं, मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल एका ऑनलाइन मंचावर येतं, वेगवेगळ्या बँका त्यावर व्याजाची बोली लावतात, आणि विकणारा सगळ्यात स्वस्त बोली घेऊन पैसे मोकळे करतो. पुढे मोठ्या कंपनीने पैसे थकवले तरी बँक लहान उद्योगाच्या मागे लागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना यावर नोंदणी आता सक्तीची आहे. एकाच बँकेला बिल दाखवून ती देईल तो दर घेणं आणि पाच बँकांना एकाच वेळी बोली लावायला लावणं, यातला फरक म्हणजेच लवचिकता. तो फरक टक्क्यांत मोजता येतो, म्हणून मला ट्रेड्सचं उदाहरण आवडतं.

सुरुवात कुठून?

नवं काही विकत घेण्याआधी एका कागदावर लिहून काढा: कुठली खाती, कोणाच्या सहीवर, कोणाच्या मोबाइलवर ओटीपी, डिजिटल सहीचा कुठला टोकन (पेनड्राइव्हसारखी किल्ली) कुठल्या यंत्रात. हा कागद बहुतेक कंपन्यांत नसतोच. मग पार्ट्यांची यादी पोर्टलमधून बाहेर काढून स्वतःकडे आणा. खाते क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा, म्हणजे तो सोळावा अंक वाचेल. बँकेला विचारा, की स्टेटमेंट रोज सकाळी एमटी९४० किंवा त्याच्या नव्या, आयएसओ २००२२ च्या नमुन्यात मिळेल का. हे स्टेटमेंटचे प्रमाण नमुने आहेत, कॉम्प्युटरला थेट वाचता येतात. मॅनेजरला हे नाव ठाऊक नसेल, तर बँकेच्या कॅश मॅनेजमेंट विभागाचा नंबर मागा.

शेवटचं काम दुसऱ्या मार्गाच्या चाचणीचं. तिमाहीतून एकदा मुख्य बँकेचं पोर्टल बंद आहे असं धरायचं आणि दोन-तीन खरी पेमेंट दुसऱ्या बँकेतून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, दुसऱ्या माणसाने करायची. पहिल्या वेळी पासवर्ड संपलेला निघेल, टोकन सापडणार नाही, सहीचा नमुना जुना असेल. त्यासाठीच तर ही चाचणी. फक्त ती ७, १५ आणि २० तारखेला ठेवू नका. त्या दिवशी टीडीएस, पीएफ आणि जीएसटीच्या मुदती असतात.